मागे घेण्यासाठी मांडलेलं विधेयक

"मागे घेतलेल्या विधेयकाने आजवर कुणाचा केस तरी वाकडा झालाय का?" जेवता जेवता आमदारसाहेबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता वाटी पुढे केली.

त्यांना स्वतःचाच प्रश्न इतका आवडला की त्यांनी तो लगेच दुसऱ्यांदा विचारला. समोर सासरे जेवत होते आणि उत्तर त्यांच्याकडून हवं होतं. सासरे म्हणजे भाजीबाजारातले लिलाव पुकारणारे. सगळा बाजार त्यांना मामा म्हणे, म्हणून जावईही मामाच म्हणे. मामांचा आवाज असा, की पहाटे ते बाजाराच्या एका टोकाला कोबी पुकारत आणि दुसऱ्या टोकाचे व्यापारी अंथरुणातूनच बोली लावून मोकळे होत. निदान मामा तसं सांगत. घरात त्यांनी मीठ मागितलं तर ते शेजारच्या घरातून येई.

या आवाजावरच त्यांचं घर उभं राहिलं होतं, मुलगी शिकली होती. पहिल्या निवडणुकीत जावयाचा कर्णा ऐन सभेत बंद पडला, तेव्हा मामांनीच खुर्चीवर चढून सगळं भाषण पुकारलं होतं. लोकांनी तेव्हा नेमकी कुणाला मतं दिली हा वादाचा विषय आहे. आमदारकीचा पाया म्हणजे मामांचा घसा, हे बायको दर आठवड्याला ऐकवायचीच.

आता झालं होतं असं, की बाजारासमोर नवी इमारत उभी राहिली आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर मोठ्या बाई राहायला आल्या. मोठ्या बाई म्हणजे साहेबांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आता निवृत्त. त्यांचे यजमान आजारी. रात्रभर ते कण्हत, पहाटे कुठे त्यांचा डोळा लागे, आणि तेवढ्यात खालून मामा टोमॅटो पुकारत. शेवटी बाई इमारतीतल्या रहिवाशांना घेऊन आमदारांच्या कार्यालयात आल्या. बाजारातल्या पहाटेच्या ओरडण्यावर कायदाच व्हायला हवा, असं त्यांनी खुर्चीत न बसता सांगितलं. बाई उभ्या म्हटल्यावर आमदारही उभे राहिले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "होऊन जाईल."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रस्ता हवा? होऊन जाईल. बदली थांबवा? होऊन जाईल. त्याच माणसाची बदली करा? तेही होऊन जाईल. गावात पाठीमागे त्यांचं नावच 'होऊन जाईल' पडलं होतं. माणूस लबाड नव्हता हो. फक्त समोर उभ्या असलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला जे हाड लागतं, ते देवाने त्यांच्या अंगात घालायचं राहून गेलं होतं.

मामांना बाजारात बातमी लागली आणि ते त्याच संध्याकाळी जेवायला आले. लिलाव उजाडायच्या आत उरकला नाही तर गाड्या वेळेवर सुटत नाहीत, आणि गाड्या सुटल्या नाहीत तर दुकानं उघडायच्या वेळी भाजी रस्त्यातच सुकते, हे त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं समजावलं. तेव्हा आमदारांनी आपली युक्ती सांगितली.

युक्ती म्हणजे सभागृहाची जुनी रीतच होती. जो मंत्री नाही असा सदस्यही विधेयक मांडू शकतो. त्यासाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते, कारण त्या वेळी बहुतेक सदस्य गावाकडच्या गाडीत बसलेले असतात. विधेयक मांडायचं, तळमळीने बोलायचं. मग मंत्री उठून म्हणतात की शासन सकारात्मक आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. सदस्य मागे घेतात. मंत्री खूश, सदस्य खूश, आणि छापून आलेलं भाषण मतदारांना वाटता येतं. आमदारसाहेबांनी इतक्या वर्षांत अशी किती विधेयकं मागे घेतली त्याची गणतीच नव्हती. सराव एवढा झाला होता, की मंत्र्यांचं वाक्य संपायच्या आत त्यांचं बूड आपोआप उठायचं आणि तोंड आपोआप "मागे घेतो" म्हणायचं.

मामा घास हातात धरून ऐकत राहिले. "म्हणजे मांडायचं, पण करायचं नाही?"

"अगदी बरोबर, मामा."

"आणि हे सगळ्यांना माहीत असतं?"

"मतदार सोडून सगळ्यांना."

मामांनी बराच विचार केला. बाजारात असं केलं तर लोक जोड्याने मारतील, असं त्यांचं मत पडलं. पण राजकारण आपल्याला कळत नाही हेही त्यांनी मान्य केलं. उठता उठता ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, शब्द देताय ना? माझा बाजार बंद पडायचा नाही."

"होऊन जाईल, मामा."

बायकोने पळी खाली ठेवली. हे दोन शब्द ऐकले की काहीतरी बिघडणार हे आपण ओळखतो, असं ती कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाली.

शुक्रवारी सगळं ठरल्याप्रमाणे सुरू झालं. मंत्र्यांना साहेबांनी आधीच व्हरांड्यात गाठलं होतं आणि "नेहमीप्रमाणे" एवढंच म्हटलं होतं. मंत्र्यांनी जांभई देत मान हलवली होती. त्या जांभईकडे नीट बघायला हवं होतं, पण नशीब फुटायचं असतं तेव्हा माणूस जांभया बघत नाही. मंत्र्यांना नवा बंगला मिळाला होता आणि त्याच्या मागच्या भिंतीला राजधानीचा फुलबाजार लागून होता. मंत्री झाल्यापासून त्या माणसाला पहाटेची झोप अशी मिळालीच नव्हती.

प्रेक्षक गॅलरीत मोठ्या बाई येऊन बसल्या होत्या. त्यांच्यासमोर फजिती नको म्हणून आमदारांनी भाषण मनापासून केलं. आजारी म्हातारा, त्याच्या उशाशी बसून रात्र काढणारी बायको, पहाटे कुठे मिटलेले डोळे आणि तेवढ्यात कोबीचा पुकारा. आजवर त्यांच्या भाषणाने सभागृहात एकही माणूस हलला नव्हता. आज नेमके मंत्रीच हलले. त्यांनी डोळे पुसले आणि उत्तराला उभे राहिले.

"शासन सकारात्मक आहे," मंत्री म्हणाले. आमदारांचं बूड उठलं. "इतकं सकारात्मक आहे, की हे विधेयक शासन आहे तसं स्वीकारत आहे."

बूड तसंच अधांतरी राहिलं. ना धड उभे, ना धड बसलेले. अध्यक्षांनी विचारलं, सदस्यांना काही म्हणायचंय का? अजूनही दोन शब्दांचं काम होतं. मागे घेतो. रोजचेच शब्द! पण साहेबांनी वर पाहिलं आणि घात झाला. मोठ्या बाई त्यांच्याकडे कौतुकाने बघत होत्या. शाळेत ती नजर पहिल्या बाकावरच संपायची. शेवटच्या बाकापर्यंत ती आज पहिल्यांदा पोचली होती, आणि तिच्यासमोर मागे घेणं त्यांना जमेना.

"आभार," ते म्हणाले.

तरी आधाराची एक काडी उरली होती. सभागृहात पुरेसे सदस्य नाहीत असा मुद्दा कुणी काढला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. साहेबांनी शेजारी डुलक्या घेणाऱ्या सदस्याला कोपराने ढोसलं. तो दचकून जागा झाला, मत मागताहेत असं समजून त्याने "होय!" म्हणून आरोळी ठोकली, आणि बाकीच्यांनी त्याच्या सुरात सूर मिसळला. विधेयक मंजूर झालं. पुढचे सोपस्कार मंत्र्यांनी जातीने लक्ष घालून उरकले. एरवी एका पुलाच्या कठड्याला पिढी जाते, हा कायदा मात्र अंगणात उडी मारावी तसा आला. तीन वेळा निवडून येऊन आमदारसाहेबांच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी खरोखर होऊन गेलं होतं.

बातमी कळल्यावर मामा आले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पण ते हळू बोलले. मामांना हळू बोलताना कुणी कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे ते काय म्हणाले ते आधी कुणाला कळलंच नाही.

"तुम्ही शब्द दिला होता," ते म्हणाले आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेले. बायकोने त्या दिवशी साहेबांसाठी ताट मांडलं, पण स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन जेवली.

कायदा साऱ्या राज्याला लागू, त्यामुळे प्रत्येक मतदारसंघातला बाजार पेटून उठला. जे सदस्य त्या शुक्रवारी घरी पळाले होते, ते आता फोन करकरून साहेबांच्या नावाने खडे फोडू लागले. तुझ्या एका बाईपायी आमचे सगळे अडते गेले, असं एकाने तोंडावर ऐकवलं. साहेबांनी सगळ्यांना तेच उत्तर दिलं. दुरुस्ती? होऊन जाईल.

बाजार तर चालवायलाच हवा होता. व्यापाऱ्यांनी डोकं लढवून मुका लिलाव सुरू केला. मामा खोक्यावर उभे राहून बोटांनी भाव दाखवत. बोली वाढवायची तर कान खाजवायचा, माघार घ्यायची तर नाक धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण पहाटेच्या डासांत शेकडो माणसं उभी आहेत आणि कान खाजवायचा नाही, हे कसं शक्य आहे? कांदे घ्यायला आलेल्याच्या गळ्यात वांगी पडत. एका व्यापाऱ्याला सर्दी झाली, सारखा हात नाकाला, तर त्याला आठवडाभर काहीच घेता आलं नाही.

लोकांना धीर द्यावा म्हणून आमदारसाहेब एका पहाटे बाजारात गेले. त्यांना बघून कुणी शिव्या दिल्या नाहीत, कारण शिव्यांनाही बंदी होती. शेकडो माणसं नुसती त्यांच्याकडे बघत राहिली. ते बघणं सहन होईना म्हणून त्यांनी मान खाली घातली, आणि तेवढ्यात एक डास कानाशी गुणगुणला. त्यांनी तो मारला. मामांनी खोक्यावरून त्यांच्याकडे बोट केलं. डास एक नव्हता. साहेबांनी पुन्हा मारला, मग पुन्हा. जन्मभर माघार घेण्यात गेलेल्या माणसाला इथली माघार कशी घ्यायची तेच ठाऊक नव्हतं. उजाडलं तेव्हा ते गाडीभर भोपळ्यांचे मालक झाले होते.

भोपळे घरात मावेनात, म्हणून कार्यालयात रचले. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला जाताना एक भोपळा मिळू लागला. इतक्या वर्षांत आमदारांकडून हातात काहीतरी पडलं, असं म्हणत लोक तो घेऊन जात. यात आभार किती आणि टोमणा किती, हे साहेबांना उमगत नसे आणि विचारायची हिंमतही होत नसे.

पण खरी चिंता वेगळीच होती. मामा दिवसाही बोलेनासे झाले. कायदा फक्त पहाटेपुरता होता, सकाळ झाली की त्यांनी वाटेल तेवढं ओरडावं. पण पहाटे आतल्या आत दाबलेला आवाज दिवसभर वर येईना. डॉक्टरांनी घसा तपासला, काही दोष नाही म्हणाले. रविवारी मामा लेकीकडे येत आणि गप्प बसून जेवत. भाजी हवी असली की कान खाजवत, नको असली की नाक धरत. मिठासाठी शेजारच्यांनी दोनदा येऊन विचारून पाहिलं. बायको वाढता वाढता मध्येच आत जाई आणि बराच वेळ बाहेर येत नसे. एवढा आवाजाचा माणूस आपण मुका केला, हे साहेबांच्या छातीवर दगडासारखं बसलं. ते रात्र रात्र कूस बदलत. पहाट झाली की सगळीकडे शांत असे, आणि त्या शांततेत त्यांचा डोळा मुळीच लागत नसे.

शेवटी एका पहाटे ते मोठ्या बाईंकडे गेले. निदान एका घरी तरी आपल्याला दुवा मिळत असेल, असं वाटलं होतं. यजमान खरंच झोपले होते. बाईंनी चहा दिला आणि खिडकीतून खाली मुक्या बाजाराकडे बघत राहिल्या. मामा आजारी आहेत का, अशी त्यांनी चौकशी केली. साहेबांनी सगळं सांगून टाकलं. कसा शब्द दिला, कुणाकुणाला दिला, काय ठरलं होतं आणि काय झालं.

बाईंनी चष्मा काढला. "अरे, मुलगा कधीचा म्हणत होता की खिडक्यांना जाड काचा बसवू, आवाज येणार नाही. तू होऊन जाईल म्हणालास, म्हणून मी त्याला थांबवलं. मला त्याच दिवशी नाही म्हणायला तुला काय झालं होतं?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना चौथीतही आलं नसतं.

बाई मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आठवड्याभरात काचा बसल्या. तुझा कायदा आता रद्द करून आण, मी स्वतः गॅलरीत येऊन बसते, असा त्यांनी निरोप पाठवला. साहेबांनी पहिला कायदा रद्द करणारं दुसरं विधेयक मांडलं. या वेळी सगळं अनुकूल होतं. बाजार बाजूने, बाई बाजूने, आणि ज्यांचे अडते खवळले होते ते सारे सदस्य शुक्रवार असूनही थांबायला तयार. विरोधात एकटे मंत्री, कारण त्यांना आता पहाटेची झोप लागायला लागली होती. पण मतं पुरेशी होती. साहेबांनी फक्त एकच करायचं होतं. मागे घ्यायचं नव्हतं.

बायकोने त्यांची तयारी करून घेतली. रोज जेवताना ती मंत्री होई आणि एकदम म्हणे, "शासन सकारात्मक आहे." साहेब ताटावरून उठत. ती त्यांना खांदा दाबून खाली बसवी. पुन्हा म्हणे, पुन्हा उठत. डाळ सांडली, ग्लास फुटला, एकदा तर ते झोपेत उठून उभे राहिले. पण हळूहळू जमत गेलं. शेवटच्या दिवशी तिने ते वाक्य लागोपाठ कितीदा तरी म्हटलं, आणि साहेब खुर्चीला चिकटून बसून राहिले. घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. कोपऱ्यात बसलेल्या मामांनी हलकेच कान खाजवला.

"अहो, बापासाठी एवढं करा," बायको म्हणाली. "मी जन्मात पुन्हा काही मागणार नाही."

साहेब "होऊन जाईल" म्हणणार होते, पण त्यांनी जीभ चावली आणि नुसती मान हलवली.

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. गॅलरीत पहिल्या रांगेत मामा, त्यांच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई, मागे निम्मा बाजार. साहेब बोलले, बरे बोलले. मग मंत्री उठले. शासन सकारात्मक आहे, ते म्हणाले. साहेबांनी बाक दोन्ही हातांनी धरला. शासन समिती नेमेल, समिती अभ्यास करेल, अहवाल येईल. साहेबांनी बाक सोडला नाही. सन्माननीय सदस्यांबद्दल मला नितांत आदर आहे, त्यांनी विधेयक मागे घ्यावं अशी विनंती आहे. साहेबांचं बूड हललं नाही! मंत्री खाली बसले. वरून बायकोने सुटकेचा श्वास टाकला तो खाली ऐकू आला.

अध्यक्षांनी विचारलं, "सदस्यांना विधेयक मतास टाकायचं आहे का? त्यांनी उभं राहून सांगावं."

बसून कसं राहायचं ते सगळं शिकवून झालं होतं. उभं राहिल्यावर काय बोलायचं याचा सराव मात्र कुणीच घेतला नव्हता. साहेब हसत हसत उभे राहिले. सगळा बाजार डोळ्यांसमोर होता, 'होय' हा एवढासा शब्द ओठांवर होता. पण वर्षानुवर्षं त्या जागी, त्या बाकाशी उभं राहून त्यांनी एकच वाक्य म्हटलं होतं. तोंडाने वाट विचारलीच नाही.

"मंत्रिमहोदयांच्या आश्वासनावर विश्वास ठेवून," आपलाच आवाज त्यांना ऐकू आला, "मी हे विधेयक मागे घेतो."

सभागृहात एवढी शांतता पसरली, की कायदा तिथेही लागू झाला असावा असं वाटलं. अध्यक्षांनी "अनुमती आहे" म्हटलं आणि पुढचा विषय पुकारला. साहेब तसेच उभे होते. वर बघायचा धीर त्यांना होत नव्हता.

तेवढ्यात गॅलरीत कुणीतरी उठलं.

"आमदार एक!"

अध्यक्षांच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. मंत्री खुर्चीत दचकले.

"एकच नग!" मामा कठड्यावर झुकून पुकारत होते. "तीन वेळा निवडून आलेला, बाहेरून गरगरीत, आतून पोकळ! बोला, कोण घेतंय?"

मार्शल जिन्याकडे धावले. एक वार! मार्शल पहिल्या रांगेपर्यंत पोचले. दोन वार! दोघांनी मामांचे दंड धरले, पण आवाज कुणाला धरता येतो? तो छताला आपटून खाली येत होता. तोच आवाज, मीठ मागणारा, सभा तरून नेणारा. साहेबांचे डोळे भरून आले. आपलं तोंड काळं झालं, आमदारकी गेल्यात जमा आहे, घरी काय होणार ते दिसतंच आहे, पण मामा बोलले, एवढ्या एका गोष्टीने त्यांना रडू फुटलं. त्यांनी शेवटी वर पाहिलं.

सगळं सभागृह, सगळी गॅलरी त्यांच्याकडे बघत होती. एकाही माणसाने कान खाजवला नाही. मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. आणि आपला हात चुकूनसुद्धा कानाकडे जाऊ नये म्हणून बायकोने दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले होते.